पाच उंदीर, चांगल्या घरी

शनिवारी दुपारी मी पाच उंदीर एका अनोळखी तरुणाच्या हाती दिले, आणि सोमवारी सकाळी मला कळलं, की त्यानं ते बहुधा त्याच्या सापाला घालण्यासाठी नेले आहेत. मधला रविवार आमच्या घरानं आनंदात घालवला होता. भीती आली ती आधी तळव्यांत. हातातली भुशाची पिशवी ओली लागली, आणि पाहिलं तर ओले माझेच हात होते.

उंदीर मी स्वतः विकत आणले होते. हे लिहितानाही बोटं किंचित आखडतात, कारण उंदराचं भय माझ्यात फार जुनं आहे. लहानपणी फळीवरच्या पोह्यांच्या डब्यामागे हात घातला असता काहीतरी कोमट, मऊ आणि जिवंत बोटांना लागलं होतं. ते निसटून गेलं, पण त्याचं धडधडणं बराच वेळ माझ्या बोटांत राहिलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही डब्यामागे न पाहता हात घातलेला नाही. पण माझ्या दहा वर्षांच्या मुलीला उंदीरच हवे होते. पोपट पिंजऱ्यात दुःखी दिसतो, मासा हातात घेता येत नाही, कुत्र्याला आमच्या सोसायटीत परवानगी नाही, असं तिनं एकेक बाद करत आणलं आणि शेवटी परदेशी जातीच्या, रंगीत, माणसाळलेल्या उंदरांची चित्रं माझ्यासमोर ठेवली.

बिबवेवाडीत आमच्या घरापासून दोन चौकांवर माशांच्या टाक्यांचं एक अरुंद दुकान आहे. आत हिरवट उजेड, पाण्यात सुटणाऱ्या हवेची अखंड बुडबुड आणि ओल्या वाळूचा गारवा. त्या सगळ्याच्या तळाशी एक आंबूस वास होता. भिजवलेल्या हरभऱ्यांना दुसऱ्या दिवशी येतो तसा. तो उंदरांचा होता. काचेच्या एका पेटीत वीसपंचवीस जीव एकमेकांच्या अंगावर झोपले होते. मुलीनं दोन निवडले. एक सायीच्या रंगाचा, एक ओल्या राखेचा.

"दोन्ही माद्याच आहेत ना?" मी दुकानदाराला विचारलं.

"बघा की," असं म्हणून त्यानं एकीला शेपटीच्या बुंध्याशी धरून माझ्यासमोर उलटं केलं. मी शेजारच्या टाकीतल्या माशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, ठीक आहे."

त्या खरोखर माद्याच होत्या. तो खोटं बोलला नव्हता. पण नर आणि माद्या एकाच पेटीत राहत होते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यातून निघणारा प्रश्न मी विचारला नाही. पुण्यातल्या दुकानदाराला विचारल्यावाचून काही सांगण्याची सवय नसते. मला भीतीमुळे विचारण्याची नव्हती. तीन आठवड्यांच्या आत सायीच्या रंगाच्या मादीनं नऊ पिल्लं दिली. शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. त्यांची कातडी इतकी पातळ होती, की पोटात उतरलेलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसे. मुलगी त्यांच्याशेजारी पोटावर पडून राही. मी दारातून पाही आणि मनात हिशेब करी, की यांतून पुढे किती, आणि त्यांतून किती.

नऊंपैकी पाच नर निघाले. त्यांना वेळेवर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, म्हणून संख्या तिथंच थांबली. पण दोन पिंजरे लपत नाहीत. एका सकाळी सोसायटीचे अध्यक्ष दारात उभे राहून बराच वेळ आत पाहत राहिले. मग म्हणाले, "आम्ही उंदीर जावेत म्हणून वर्गणी काढतो. आपण विकत आणता. आनंद आहे." येत्या रविवारी पेस्ट कंट्रोल होतं. औषध प्रत्येक घरात, प्रत्येक खोलीत मारलं जाणार होतं, आणि त्या दिवशी हे अकरा जीव घरात ठेवणं शक्य नव्हतं.

मी नारायण पेठेत आईला फोन केला.

"एक पिंजरा ठेवीन," ती म्हणाली. "दोन नाही. माझं घर आहे, उंदरांची धर्मशाळा नाही."

"मग नरांचं काय करू?"

"देऊन टाक कुणाला तरी. आणि पैसेबिसे मागू नकोस. जिवाचं मोल करायचं नसतं आपल्यात. मांजराची पिल्लं दिली तेव्हा कधी घेतले होते का आपण?"

"नाही."

"मग. मुलगी आणि मांजर, दोन्ही फुकटच द्यायची असतात. मुलीबरोबर वर भांडीही जातात, एवढाच फरक."

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, ते माझ्यात आधीपासूनच होतं. आमच्या घरी तुळशीचं रोप, विरजण आणि मांजराचं पिल्लू कुणी मागितलं की नुसतं दिलं जाई. मी जाहिरात लिहायला बसले आणि कवितेची ओळ घासावी तशी ती घासत राहिले. 'सात आठवड्यांचे पाच पाळीव उंदीर. साय, राख आणि बदामी रंगांचे. हातावर येणारे. चांगल्या घरी मोफत देणे आहे.' मोफत हा शब्द लिहिताना मला जे समाधान वाटलं, ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

फोन आले. एकानं विचारलं, "चावतात का?" एका बाईंनी विचारलं, "फुकट का? आजारी आहेत का?" मग त्या तरुणाचा आला. आवाज मऊ, बोलणं नागपूरकडचं. त्यानं विचारलं, "एकेकाचं वजन किती भरेल, ताई?"

मला तो प्रश्न काळजीचा वाटला. तान्ह्या बाळाचं वजन विचारतात तसा. मुलीनं स्वयंपाकघरातला काटा घेतला, एकेकाला जाळीच्या झाकणाच्या डबीत बसवलं आणि पाच आकडे वहीत लिहिले. कुणी चोवीस ग्रॅम, कुणी सत्तावीस. ते आकडे मी स्वतः त्याला पाठवले.

"छान," त्यानं लिहिलं. "पाचही नेतो. वेगळे नका करू."

शनिवारी तो आला तेव्हा त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आधी हात धुवायला पाणी मागितलं. त्याच्या शर्टाला इस्त्री होती. उंदराला शेपटीनं न उचलता त्यानं ओंजळीत घेतलं आणि उंदीर त्याच्या ओंजळीत शांत बसला. मी निश्चिंत झाले. मुलीनं सकाळपासून एक पिशवी भरून ठेवली होती: बाजरी, सूर्यफुलाच्या बिया, पाण्याची छोटी वाटी आणि भोक पाडलेली नारळाची करवंटी, लपायला. ती मोठ्या ऐटीत त्या पिशवीला रुखवत म्हणत होती. तिनं ती पुढे केली.

"हे राहू द्या ना," तो हसून म्हणाला. "लागणार नाही."

"मग नावं लिहून देऊ?"

"नावं पण राहू द्या. मी लक्षात नाही ठेवत."

"फोटो पाठवाल?"

"हो हो. इथंच तर राहतो मी. चढावरची शेवटची इमारत, तिसरा मजला. कधीही या."

तो गेल्यावर मुलगी रुखवताची पिशवी मांडीवर घेऊन थोडा वेळ बसली. मी तिला म्हणाले, त्याच्याकडे सगळं असेल. ती म्हणाली, "हो, असेल." दुसऱ्या दिवशी आम्ही सहा माद्यांचा पिंजरा घेऊन नारायण पेठेत गेलो, आईच्या हातचं जेवलो, आणि संध्याकाळी औषधाच्या वासानं जड झालेल्या घरात सगळ्या खिडक्या उघडून बसलो. फोटो आला नव्हता. सुटीच्या दिवशी कामं असतात माणसाला, असं मी म्हणाले.

सोमवारी मुलगी शाळेत गेल्यावर मी भुसा आणायला त्या दुकानात गेले.

"किती राहिले?" दुकानदारानं विचारलं.

"सहा. पाच नर दिले."

"केवढ्याला?"

"मोफत दिले."

त्यानं भुशाची पिशवी माझ्या हातात दिली. "वा. खाऊपण बांधून दिलात की नाही बरोबर?"

"दिला होता. त्यानं घेतला नाही."

"घेईल कशाला? उंदीर काय खातात, ते त्याला जाणून काय करायचंय? त्याच्याकडे उंदीर कोण खातं, ते विचारलंत का?"

मला कळलं नाही. कदाचित कळलं, पण आत यायला वेळ लागला. मग तो कंटाळल्यासारखं सरळ बोलला. "साप, मॅडम. हल्ली पोरं परदेशी अजगर पाळतात. आठवड्याला एक लागतो त्याला. वजन विचारलं होतं?"

"हो."

"मग झालं. आम्ही उंदराला किंमत लावतो ती काय बंगले बांधायला? चार पैसे मोजून नेणारा पोसायला नेतो. फुकट म्हटलं की कुठल्यातरी पोटात जातो. एवढं शिकलेलं माणूस तुम्ही."

घरी येऊन मी त्या तरुणाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग नवऱ्याला ऑफिसात फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तू एकटी जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी सहापर्यंत येतो, मग जाऊ."

"सहापर्यंत काय होईल कुणास ठाऊक."

"अगं, दोन दिवस झालेत. व्हायचं ते होऊन गेलं असेल." त्यानं हे समजुतीच्या सुरात म्हटलं, आणि त्या सुराचीच मला अधिक भीती वाटली.

मुलीचा उंदीर नेण्याचा जाळीचा डबा घेऊन मी निघाले. मार्चची दुपार होती. चढावर डांबर मऊ झालं होतं आणि प्रत्येक पावलाला चप्पल सुटताना बारीक आवाज येत होता. कुठल्याशा खिडकीतून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. साप उंदराला आधी आवळतो हे मी कुठंतरी वाचलं होतं. आवळताना तो त्याचं हृदय ऐकतो आणि ते थांबलं की सैल होतो. चढ चढताना माझं हृदय कानांत वाजत होतं आणि मला ते लपवावंसं वाटत होतं. तिसऱ्या मजल्यावर एकाच दाराबाहेर एकाच माणसाच्या चपला होत्या. त्या क्षणी दुसरी भीती आली, बायकांना ठाऊक असलेली: बंद दार, अनोळखी पुरुष, भर दुपारचा सुनसान जिना. मी घंटा वाजवली आणि दोन पायऱ्या मागे सरले.

"ताई?" त्यानं दार उघडलं. कानात ऑफिसच्या कॉलचे हेडफोन होते. ते त्यानं काढले. "या ना. मीटिंगमध्ये होतो, फोन नाही घेता आला."

"उंदीर कुठे आहेत?"

त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "आहेत."

"किती?"

"पाचही आहेत. या, बसा. पाणी आणतो."

मी दार सताड उघडं ठेवून आत गेले. पडदे ओढलेले होते. खोलीत कोंदट ऊब होती आणि त्या उबेत माझ्या घरातला वास होता, भिजल्या हरभऱ्यांचा. तो वास मला इतका हवासा कधी वाटला नव्हता. भिंतीशी एक लांब काचपेटी होती, वर तांबडा दिवा. पेटीत एक वेटोळं पडलं होतं, मनगटाएवढं जाड, मध आणि ओली माती एकत्र कालवल्यासारखं. ते सुंदर होतं. मी नजर वळवू शकले नाही. मग त्यानं डोकं जरासं उचललं आणि मला त्याचे डोळे दिसले: वर दुधाची निळसर साय धरलेले, आंधळे.

"कात टाकायची आहे त्याला," तरुण म्हणाला. "या दिवसांत काही खात नाही. दिसत पण नाही नीट. शनिवारी मी एक टाकला होता. रात्रभर राहू दिला. सकाळी पाहतो, तर पाण्याच्या भांड्यामागे उभा. मग काढून घेतला. उंदीर पण चावते कधी कधी सापाला."

म्हणजे पाचांचा जीव वाचला तो कुणाच्या दयेनं नाही, माझ्या धावण्यानंही नाही. एका कातड्याच्या जुनं होण्यानं. मी न सांगता खुर्चीवर बसले.

"तुम्ही सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"मी काही लपवून नाही राहिलो, ताई. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं, चांगल्या घरी. माझं घर काय वाईट आहे का?"

त्यात टोमणा नव्हता. तो दुखावला होता. घर खरोखर स्वच्छ होतं. ओट्यावर एकच ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

"दोन वर्षं झाली मला पुण्यात," तो म्हणाला. "शेजारच्यांनी अजून माझं नाव नाही विचारलं. आल्यावर हा असतो घरी, तेवढंच."

"मला ते परत हवेत."

"घेऊन जा ना. पण हा काय पोळीभाजी खाणार आहे का?" त्यानं पेटीकडे पाहिलं. "तुम्ही खाता का, ताई, मटण-मासे?"

मी मासे खाते. मी जाळीचा डबा पुढे केला.

त्यानं दोन डबे माझ्यासमोर ठेवले, एकात चार, एकात एक, आणि त्याचा फोन वाजला म्हणून तो आतल्या खोलीत गेला. मी एकटी उरले. तोवर मी त्यांच्यापैकी एकालाही शिवले नव्हते. जे काही करायचं ते मुलगी करी. मी चौघांच्या डब्यात हात घातला. आधी मिशांचा स्पर्श झाला, वाऱ्यानं लव हलावी इतका हलका. मग चार ओले, गार पंजे माझ्या बोटावर चढले, आणि मी एकेकाला उचललं. चौघे जाळीच्या डब्यात गेले आणि तिथंही वास घेत फिरू लागले.

पाचवा, राखेच्या रंगाचा, हलला नाही. तो मागच्या पायांवर उभा होता, तोंड भिंतीकडे. मी त्याला उचललं तरी तो उचलला गेल्याचं त्याच्या अंगात कुठं दिसलं नाही. एखादी वस्तू उचलावी तसा तो वर आला. फक्त आत काहीतरी चाललं होतं, इतकं जलद, की त्याला ठोके म्हणता येईना. सलग कंप होता तो. मी त्याला तळहातावर धरून किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. त्यानं एक अख्खी रात्र त्या वेटोळ्यासमोर काढली होती. ती रात्र मी दिली होती, फुकट.

चार वाजता मुलगी शाळेतून आली. पिंजऱ्यात पाच पाहून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

"याला काय झालं?"

वाटेत मी तीन वाक्यं तयार केली होती, तिन्ही खोटी. पण तिनं त्याच्याजवळ बोट नेलं आणि तो ताठ झाला. ते पाहिल्यावर त्यांतलं एकही तोंडातून निघेना. मी तिला खरं सांगितलं. तिनं दप्तर न उतरवता ऐकलं.

"तू विचारलं नव्हतंस त्याला?"

"नाही."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "वजनं मी केली होती."

मी तिला जवळ घेतलं, सांगितलं की त्यात तुझं काही नाही, तुला मी सांगितलं होतं. तिनं मान हलवली, पण माझ्या हातांत ती थोडी कडक राहिली. त्या दिवसातल्या सगळ्या भयांत मला सर्वांत खोल गेलेलं भय ते होतं: माझ्या न विचारण्याचा अर्धा भाग तिनं उचलून स्वतःकडे ठेवला होता.

चौघे दोन दिवसांत पूर्ववत झाले. पाचवा पाण्याच्या वाटीमागेच राही. आमची सावली पडली की थांबे, सावली गेल्यावरही बराच वेळ थांबून राही. मुलगी शाळेतून आली की पिंजऱ्यात हात ठेवून बसे, हात न हलवता, वीस वीस मिनिटं. तो तिच्या हाताकडे यायचा नाही. ती उठायची नाही. मी तिला कधी बोलावलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी त्या तरुणाचा मेसेज आला. सोबत फोटो होता. पांढऱ्या टॉवेलवर पसरलेली कात, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या. खाली लिहिलं होतं, 'ताई, आज टाकली. आता भूक लागेल त्याला. त्या पाचांचं काय ठरलं? द्यायचे असतील तर कळवा. या वेळी आधी सांगतो आहे.'

मी तो मेसेज अनेकदा वाचला. तो प्रामाणिक होता, आणि त्याला द्यायला माझ्याकडे तितकं प्रामाणिक काही नव्हतं. साप काय खाईल याचं उत्तर मला माहीत नव्हतं. कुणाचे खाऊ नयेत एवढंच माहीत होतं. मी लिहिलं, 'नाहीत द्यायचे.' त्याचा जोडलेल्या हातांचा नमस्कार आला. थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली: 'दुसरं कुणी देत असेल तर सांगाल.'

मी फोन पालथा ठेवला. चढावरच्या तिसऱ्या मजल्यावर, तांबड्या दिव्याखाली, आता स्वच्छ झालेले डोळे उघडले असतील. शहरात कुणीतरी, माझ्यासारखंच नेटकं वाक्य लिहून, काही जीव चांगल्या घरी मोफत देत असेल. मी उठून पिंजऱ्याजवळ गेले आणि फक्त माझे पाच मोजले.